डावीकडून वाचणारी नजर आणि उजवीकडून वाचणारी

ओळीवरून नजर सरकत नाही, उड्या मारते. इंग्रजीत एक उडी साधारण 7 ते 9 अक्षरांची. मधल्या 200 ते 250 मिलिसेकंदांच्या थांब्यात वाचन होतं. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या हिब्रूत उडी आखूड, कारण स्वरचिन्हं बहुधा गाळलेली असतात आणि तेवढ्याच अक्षरांत मजकूर जास्त दाटलेला असतो.

खरी गंमत थांब्याच्या आजूबाजूला आहे. इंग्रजी वाचणारा डावीकडची जेमतेम 3-4 अक्षरं टिपतो, उजवीकडची मात्र 14-15 पर्यंत. 1981 मध्ये मानसशास्त्रज्ञ पोलॅटसेक, रेनर आणि सहकाऱ्यांनी हिब्रू-इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्यांवर प्रयोग केला. हिब्रू वाचताना हा झुकाव डावीकडे होता. तीच माणसं इंग्रजीकडे वळली की उजवीकडे! म्हणजे करामत बुबुळाची नाही, लक्षाची.

मालेगाव-भिवंडीसाठी औषधाच्या मराठी पत्रकाची उर्दू आवृत्ती करताना हे विसरलं की फजिती होते. मराठीत डावीकडे आजारी माणूस, उजवीकडे ठणठणीत. चित्रं तशीच ठेवली तर उर्दू वाचकाला उजवीकडचा ठणठणीत माणूस आधी दिसतो, आणि औषध घेऊन तो आजारी पडतो. उपाय सोपा: चित्रांचा क्रम बदला, बाण उलटे करा. पण अख्खं पान आरशासारखं फिरवू नका. फोटोतल्या पाट्या उलट्या होतील. आकडेही तसेच ठेवा, उर्दूतही संख्या डावीकडूनच लिहितात.