डॉक्युमेंटेशनच्या पानावरच खुले इश्यू : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या प्रकल्पाचे डॉक्युमेंटेशन स्फिंक्स या साधनाने तयार होते आणि इश्यू, म्हणजे वापरताना आलेल्या अडचणी, गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर नोंदवले जातात. काही महिन्यांपूर्वी आम्ही बिल्डमध्ये, म्हणजे मजकुरापासून पाने तयार करण्याच्या प्रक्रियेत, एक छोटी पायथन स्क्रिप्ट घातली. ती प्रत्येक बिल्डच्या वेळी खुले इश्यू मागवते आणि ज्या इश्यूचे लेबल ज्या पानाशी जुळते, त्या पानावर ‘ज्ञात अडचणी’ या मथळ्याखाली त्याचे शीर्षक व लिंक देते. इतक्या वापरानंतर माझे मत ठाम झाले आहे, की या सोयीचा खरा उपयोग यादी योग्य पानावर येण्यात आहे. सगळ्या इश्यूंची लांबलचक यादी वेगळ्या पानावर ठेवली, तर तिकडे कोणी फिरकत नाही. पण इन्स्टॉलेशनची कमांड विशिष्ट आवृत्तीवर अडते, हे त्या कमांडखालीच दिसले, तर वाचकाचे तासन्‌तास वाचतात आणि तोच इश्यू पुन्हा नोंदवला जाण्याचे प्रमाणही घटते.

तांत्रिक बाजू सोपी आहे, मात्र तिच्यात काही खाचखळगे आहेत. गिटहबचा एपीआय (प्रोग्रामला माहिती पुरवणारा दुवा) इश्यूंच्या यादीत पुल रिक्वेस्टही (कोडमधील बदल स्वीकारण्याच्या विनंत्या) देतो. त्या गाळाव्याच लागतात. एका वेळी 30 नोंदी येतात, मर्यादा वाढवली तरी जास्तीत जास्त 100, त्यामुळे यादीची पुढची पाने मागवणे आवश्यक ठरते. टोकनशिवाय, म्हणजे ओळख पटवणाऱ्या गुप्त संकेताशिवाय, एका आयपी पत्त्यावरून तासाला केवळ 60 विनंत्या करता येतात, तर वैयक्तिक टोकन दिल्यास 5000. यादी वाचकाच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने आणावी, असाही एक पर्याय असतो. परंतु टोकन सार्वजनिक पानात ठेवता येत नाही, म्हणून बिल्डच्या वेळीच माहिती आणणे मला अधिक योग्य वाटते.

याची किंमत म्हणजे शिळेपणा. बंद झालेला इश्यू पुढच्या बिल्डपर्यंत खुलाच दिसतो. त्यासाठी रोज रात्री बिल्ड चालवावा आणि यादी कधी घेतली ती तारीख पानावर छापावी. सार्वजनिक रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) 60 दिवस काहीच हालचाल झाली नाही, तर गिटहब अ‍ॅक्शन्स ही कामे आपोआप चालवणारी सेवा ठरावीक वेळेचे काम आपोआप थांबवते, हेही ध्यानात असू द्यावे. एपीआयने उत्तर दिले नाही, तर मागची जतन केलेली यादी तिच्या तारखेसह दाखवावी. रिकामी यादी कधीच दाखवू नये, कारण तिचा अर्थ ‘येथे कोणतीही अडचण नाही’ असा होतो आणि वाचक त्यावर विसंबून पुढे जातो.

शीर्षकांकडेही लक्ष द्यावे लागते. ‘क्रॅश होते’ एवढेच शीर्षक वाचकाला काहीच सांगत नाही, म्हणून लेबल लावणाऱ्यानेच ते सुधारावे, असा नियम आम्ही केला आहे.

एक उणीव अजून राहिली आहे. जुन्या आवृत्तीच्या डॉक्युमेंटेशनवरही मुख्य शाखेचेच, म्हणजे सध्या विकसित होत असलेल्या कोडचेच, इश्यू दिसतात. प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळे लेबल लावणे शक्य आहे, पण ती शिस्त सर्व योगदानकर्त्यांकडून पाळली जाईपर्यंत जुन्या आवृत्त्यांवर ही यादी बंद ठेवणेच मला रास्त वाटते.