'द सिलेक्शन' सिरीज, पाचही भाग – भाचीबरोबर काही महिने वाचल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगते, पहिले तीन भाग घ्या, पुढच्या दोनचं नंतर बघा. पाच इंग्रजी कादंबऱ्यांचा हा सेट आम्ही गणपतीच्या सुट्टीत मागवला होता आणि आता भाचीची अकरावीची परीक्षा तोंडावर आली, मधल्या काळात तो माझ्याकडून तिच्याकडं, तिच्याकडून कॉलेजच्या मैत्रिणींकडं आणि परत राजारामपुरीत आमच्या घरी असा फिरलाय. बरेच लोक पन्नास पानं वाचून 'राजकन्येची गोष्ट आहे, टाइमपास' म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

लेखिका किएरा कासचं पहिलं पुस्तक 'द सिलेक्शन' 2012 चं, मग 2013 ला 'द एलिट', 2014 ला 'द वन', या तिन्हींत मिळून एक गोष्ट पुरी होते. गोष्ट भविष्यातली, अमेरिका देशाच्या जागी इलेआ नावाचं राज्य झालंय, तिथं राजा आहे आणि सगळी जनता एक ते आठ अशा नंबरांच्या जातींत वाटलेली. एक म्हणजे राजघराणं, पाच म्हणजे गाणारे-वाजवणारे, चित्रकार, सहा म्हणजे घरकाम करणारे, आठ म्हणजे रस्त्यावर राहणारे. राजपुत्राला बायको निवडायची तर 35 प्रांतांतून एकेक मुलगी राजवाड्यात आणतात आणि सगळा प्रकार टीव्हीवर दाखवतात. नायिका अमेरिका सिंगर पाच नंबरची, तिचं प्रेम सहा नंबरच्या अ‍ॅस्पनवर, आणि बाईला नवऱ्याचा नंबर लागतो, म्हणजे त्याच्याशी लग्न केलं की ही खाली घसरणार. आई फॉर्म भर म्हणून मागं लागते, कारण मुलगी राजवाड्यात असेपर्यंत घरी पैसे येतात. ही आई मला फार खरी वाटली, वाईट बाई नाही ती, घर चालवायचंय तिला. भाची तर म्हणाली, "मावशी, हे आपल्याकडं स्थळ बघतात तसंच की!"

एक बारीक गोष्ट लेखिकेनं फार सुंदर लिहिलीय. अमेरिका गायली की अ‍ॅस्पन तिला एक पेनी देतो, त्याच्याकडं द्यायला तेवढंच असतं. ती ते पैसे खर्च करत नाही, बरणीत साठवते, आणि राजवाड्यात जाताना आत एकच पेनी असलेली बरणी घेऊन जाते. त्या झगमगाटात, रेशमी कपड्यांत, तीन-तीन दासी हाताखाली असताना ती बरणी पलंगाशेजारी ठेवलेली. गरिबी काय असते ते या एका बरणीत कळतं.

आता मुख्य मुद्दा. कोल्हापुरात बसून हे वाचताना शाहू महाराज आठवणारच, आणि त्यामुळं पुस्तकाचं बळ आणि कमजोरी दोन्ही स्पष्ट दिसतात. पुस्तकातली जात म्हणजे फक्त आकडा आहे. पैसे भरून वरचा नंबर विकत घेता येतो, सैन्यात घेतलं की अ‍ॅस्पन सहाचा थेट दोन होतो. आपल्याकडं जात अशी कुठं सुटते? पाणी, पंगत, आडनाव, सगळीकडं ती चिकटलेली. 26 जुलै 1902 ला महाराजांनी संस्थानात रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी 50 टक्के मागासलेल्यांसाठी ठेवायचा हुकूम काढला, पण तेवढ्यावर भागणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून तर दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंना चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि तिथं स्वतः जाऊन चहा प्यायले. हुकूम कागदावर निघतो, पण कुणाच्या हातचं प्यायचं हे लोकांच्या मनात असतं. पुस्तकात नंबर काढून टाकले की सुटलं असं तिसऱ्या भागापर्यंत वाटत राहतं, आणि यावर आमच्या घरात जेवताना जेवढी चर्चा झाली तेवढी शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकावर कधी झाली नव्हती. माझ्या मते पैसे तिथंच वसूल झाले.

बंडखोरांचं मात्र जमलेलं नाही. दोन गट आहेत, उत्तरेच्या लोकांना जातीचे नंबर घालवायचेत, दक्षिणेच्यांना राजघराणंच संपवायचंय. पण राजवाड्यावर हल्ला, घंटा, सगळे तळघरात, थोड्या वेळानं बाहेर, हे इतक्या वेळा होतं की तिसऱ्यांदा मी पानं भराभर उलटली. दक्षिणेचे लोक एवढे का पेटलेत, त्यांच्या घरी काय झालंय, हे कुणी सांगतच नाही. आणि दुसऱ्या भागात राजपुत्र मॅक्सन का अ‍ॅस्पन हे इतकं ताणलंय की भाची वैतागून म्हणाली, "मी आता हे बाजूला ठेवतो." तरी त्याच भागात अमेरिकेची राजवाड्यातली मैत्रीण मार्ली हिला सगळ्यांसमोर वेताचे फटके मारतात तो प्रसंग आहे, आणि शेवटी अमेरिका टीव्हीवर थेट कार्यक्रमात राज्याच्या संस्थापकाची लपवलेली डायरी वाचून दाखवते, तिथं अंगावर काटा येतो. इतिहासाची पुस्तकंच लोकांपासून दूर ठेवलीत हा धागा सगळ्यात दमदार.

भाषा सोपी आहे, मराठी मीडियमच्या मुलींनाही डिक्शनरी न उघडता जमतं, भाचीच्या दोन मैत्रिणींनी आयुष्यातली पहिली इंग्रजी कादंबरी हीच वाचली. बाइंडिंग सुमार, दुसऱ्या भागाचं पुठ्ठ्याजवळचं पान सुटलं आणि विकणाऱ्यानं बदलून दिलं नाही, फेविकॉल लावून चालवतोय. फटक्यांच्या प्रसंगामुळं तेरा-चौदाच्या आतल्या मुलांना नको.

चौथा भाग 'द हेअर' (2015) वाचायला घेताना फक्त एवढं लक्षात ठेवा (तिसरा वाचला नसेल तर इथं थांबा): नंबर गेलेत, तरी लोक एकमेकांना जुन्याच नंबरावरून ओळखतात, कामं नाकारतात, दंगे होतात. म्हणजे मी वर म्हणत होते तेच लेखिकेला इथं सापडलं होतं! आणि ते सोडून सगळी पानं पुढच्या पिढीची राजकन्या आणि तिच्यासाठी आलेल्या 35 पोरांवर घातलीत. पाचवा 'द क्राउन' (2016) तर त्या प्रश्नाकडं धड बघतही नाही. कुणाकडून हे दोन वाचायला मिळाले तर चौथ्यातली दंग्यांची प्रकरणं तेवढी नक्की वाचा, विकत घेऊ नका.