द ग्रीन पेपर्स: दिसायला जुनाट, हिशेबाला पक्की

'द ग्रीन पेपर्स' या साइटवर रंगीत नकाशे नाहीत, मोबाइलवर तक्ते बोटाने सरकवत बसावे लागतात. तरीही अमेरिकेतल्या प्रायमरीत (पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्यवार निवडणुकीत) मागे पडलेल्या उमेदवाराने कधी थांबावं, हे आकड्यांत तपासायचं तर या साइटला तोड नाही. राज्यवार डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी), तारखा, वाटपाचे नियम, सगळं आहे.

भागाकार मात्र आपणच करायचा. बहुमताच्या आकड्यातून हातातले डेलिगेट वजा करा, आलेल्या संख्येला शिल्लक डेलिगेटनी भागा. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात अधिवेशनातल्या मतदानाची पहिली फेरी जिंकायला १,९९१ डेलिगेट लागत होते. समजा हातात ९०० आणि शिल्लक १,७५०. म्हणजे इथून पुढे ६२ टक्के हवेत. वाटप मतांच्या प्रमाणात, त्यामुळे दुरंगी लढतीत सरासरी ६२-३८ असा विजय लागतो. अशा वेळी गाशा गुंडाळलेला बरा. बहुरंगी लढतीत १५ टक्क्यांच्या खाली गेलात तर हाती भोपळाच.

रिपब्लिकनांकडे हेच उत्तर फसवं ठरतं. 'जिंकेल त्याला सगळे' अशी मोठी राज्यं शिल्लक असतील तर ६२ टक्केही आवाक्यात असतात. म्हणून नियमाचा रकाना आधी वाचा. 'सॉफ्ट' आणि 'हार्ड' बेरजाही एकत्र करू नका. 'सॉफ्ट'मध्ये अंदाज धरलेला असतो, 'हार्ड'मध्ये फक्त पक्के ठरलेले डेलिगेट.

उणीव एकच: उमेदवाराचा हेतू तक्त्यात दिसत नाही. २०१६ मध्ये बहुमत अशक्य झाल्यावरही रिपब्लिकन उमेदवार जॉन केसिक ४ मेपर्यंत टिकून राहिले, ते कुणालाच बहुमताचे १,२३७ डेलिगेट मिळणार नाहीत या आशेवर.