चवथीच्या फंडात गेलेले 10,900 रुपये

आकडा आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. माझे स्वतःचे 10,900. आणि माझ्या तोंडाकडे बघून ज्या अकरा बायकांनी पैसे भरले, त्यांचे 66,550. गावाचं नाव लिहीत नाही, सासर आहे. वेंगुर्ला ते देवगड या पट्ट्यात कुठेही समजा. हा फंड चालवून पळालेल्या त्या माणसाचं नावही लिहीत नाही. त्याने सांगितलेलं नाव खरं होतं का, हेच अजून कुणाला माहीत नाही.

फंड म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. घाटावर दिवाळी फंड असतो, आमच्याकडे चवथीचा, म्हणजे गणपतीचा. महिन्याला 600, दसऱ्यापासून जुलैपर्यंत दहा हप्ते, नारळी पौर्णिमेनंतर आठ दिवसांत 8,500 चं सामान हातात. कार्डाचे 50 वेगळे. कार्डाच्या मागे यादी छापलेली: तेलाचा एक डबा, साखर, रवा, गूळ, चणाडाळ, काळे वाटाणे, मोदकाचं पीठ, वीस नारळ, अगरबत्ती, कापूर. काळे वाटाणे वाचले आणि मी विरघळले. म्हटलं, हा माणूस आपल्यातला आहे, याला माहीत आहे चवथीला घरात काय लागतं.

आता मला मूर्ख म्हणण्याआधी हिशेब ऐका. मी काजूच्या कारखान्यात सोलायला आहे. रोज 320. महिन्याचे 26 दिवस भरले तर 8,320 होतात, पण भरतात कुठे? पोर आजारी, सासूचा दवाखाना, कधी कारखान्यातच माल नाही. नवरा ट्रॉलरवर खलाशी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे दोन महिने घरात एक रुपया येत नाही, आणि बंदी उठते न उठते तोच चवथ दारात. मुंबईहून दीर-जावा, त्यांची मुलं, सगळी मिळून चौदा माणसं पाच दिवस. भजनी मंडळ येतं, त्यांना उसळ-पाव आणि चहा. गौरीचा ओवसा. मूर्तीचे 2,200. दीर 2,000 हातावर ठेवतात आणि वर्षभर सांगतात.

2024 ची चवथ 7 सप्टेंबरला झाली आणि आठवड्याने सरकारने बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं. आमच्या दुकानदाराने दुसऱ्याच दिवशी पिशवीमागे वीस रुपये चढवले. जुना माल होता तरी. पुढे एप्रिलमध्ये गॅस 50 ने वाढला. नारळाचं तर बोलूच नका, दारात दोन माड असून आम्ही नारळ विकत घेतो, कारण माकडं आमच्याआधी पाडतात. 2022 च्या दिवाळीत रेशनवर 100 रुपयांत आनंदाचा शिधा आला होता, रवा, साखर, डाळ आणि तेल. 2025 च्या चवथीला तोही नव्हता. अशात कुणी म्हणालं की आज पैसे भर, पुढच्या वर्षीचं सामान आजच्या भावात, तर कुठल्या बाईला नको होईल? लाडकी बहीणचे 1,500 जमा झाले की त्यातले 1,200 मी तिकडे नेऊन देत होते. दोन कार्डं, एक माझं, एक सासूच्या नावाने. बँकेत ठेवले असते तर राहिले नसते, हे मला माझं माहीत आहे. घरात पैसा दिसला की त्याला वाट फुटते. फंडात घातला की हात पोचत नाही, हाच त्यातला फायदा वाटायचा.

त्याने बाजारात एक गाळा घेतला होता. दिवाळीला प्रत्येक कार्डामागे किलोभर साखर आणि तेलाची पिशवी फुकट दिली. हे गळाला लावलेलं आमिष. माझा नवरा मासेमारीतला, आमिष काय असतं ते त्याला कळायला हवं होतं, पण त्यानेच त्या तेलात तळलेला बांगडा खाल्ला आणि म्हणाला, माणूस चांगलो आसा.

आणि मग ती मेंबर करायची भानगड. पाच बायका आणा, एक हप्ता माफ. मी कारखान्यातल्या अकरा जणी आणल्या, माझे दोन हप्ते माफ झाले, 1,200 रुपये. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. लपवलं असं नाही, विषयच निघाला नाही. (निघू दिला नाही, असं कारखान्यातली एक काकी म्हणते. म्हणू दे.) त्यांचे पैसे दर महिन्याला मीच गोळा करून नेत होते, कारण माझं घर बाजाराकडे.

आता तो दिवस. जूनची 14 तारीख, शनिवार. पाऊस दोन दिवस धो धो. माझ्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले 7,800 रुपये होते, अकरा जणींचे 6,600 आणि माझे 1,200. माझे 1,200 बचत गटातून दोन टक्क्यांनी उचललेले. गाळ्यात गेले तर पत्र्यातून पाणी गळत होतं आणि भिंतीला रचलेल्या तेलाच्या डब्यांच्या रांगेवर पडत होतं. तो म्हणाला, ‘बाबू, ते डबे आत घे.’ कामाला ठेवलेला एक पोरगा होता, सतराएक वर्षांचा, काडीसारखा. त्याने एका हातात दोन आणि दुसऱ्या हातात दोन असे चार डबे कड्यांना धरून उचलले आणि झपाझप आत नेले. परत आला, आणखी चार नेले.

पंधरा किलोचा एक डबा. चार म्हणजे साठ किलो.

मी रोज संध्याकाळी सोललेला गर तोलून देते. काट्यावर ठेवण्याआधी मला हातात कळतं, पावणेआठ आहे की आठ. काजूबीच्या पोत्याला दोन गडी लागतात की तीन, ते लांबून बघून सांगते. आणि त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर ते पोर साठ किलो फुगे नेल्यासारखं नेत होतं, आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, ‘पोरगो बळकट आसा हां तुमचो.’ तो हसला. मी 7,800 मोजून दिले, त्याने बारा कार्डांवर आणि सासूच्या कार्डावर सह्या केल्या. शिक्का नाही, नुसती रेघ. शिक्का फेब्रुवारीपासूनच बंद झाला होता, ‘शाई संपली’ म्हणून. चार महिने शाई मिळत नाही का बाजारात?

मला त्या वेळी काहीच खटकलं नाही असंही नाही. पोटात काहीतरी हललं होतं. पण तोंडातून काढलं असतं तर अकरा जणींना उत्तर द्यावं लागलं असतं, आणि आठ महिने गेले, आता दोनच राहिले, असं वाटलं. याच ‘दोनच राहिले’वर हे लोक जगतात. त्या दिवशी हात आखडला असता तर जून-जुलैचे माझे 2,400 आणि बायकांचे 13,200 वाचले असते. मी हा हिशेब रात्री करते. बरा नाही होत.

अजून एक. भाजीवाली कोथिंबिरीच्या जुडीसाठी क्यूआर पुढे करते, वडापाववाल्याचा डबा ओरडतो ‘दस रुपये प्राप्त हुए’, आणि लाखांत उलाढाल करणारा हा माणूस फक्त रोख घेत होता. म्हणे ऑनलाइनला जीएसटीची कटकट. रोखच पाहिजे म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. खात्यातून गेला असता तर निदान खात्यावर नोंद राहिली असती, लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 ला फोन करता आला असता. रोखीला कुठला 1930?

18 ऑगस्टला सामान न्यायला बोलावलं होतं. शटरवर कागद: माल मुंबईहून निघाला आहे, 21 तारखेला मिळेल. 21 ला कागदही नव्हता आणि फोनही नव्हता. पावसात दीड-दोनशे माणसं. गाळ्याच्या मालकाने तीन तासांनी येऊन कुलूप तोडलं. आत डबेच डबे. झाकणं नवी, लेबलं नवी, आत हवा. ते पोरही गर्दीत उभं होतं, त्याच्या आईचंही कार्ड होतं. मी त्याच्या अंगावर धावून गेले, तर ते रडायला आलं. ‘काकी, माका वाटला मागीर भरतले.’ मग मी काय बोलणार? मला काय वेगळं वाटलं होतं?

चवथ 27 ला. मूर्तीचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, आधीच दिलेला, मागे थोडाच घेता येतो? कारखान्यातून 8,000 उचल घेतली, ती आठवड्याला 500 कापली जातेय. जाऊ म्हणाली, ‘वयनी, गावात राहून फसतात?’ जणू मुंबईत कुणी फसत नाही, तिथे फक्त बिल्डर असतात.

आता पोलीस. ठाण्यात चार वेळा गेले. एसटीला अर्धं तिकीट असलं तरी चार रोज बुडले, 1,280 रुपये, हेही त्याच खात्यात लिहा. पहिल्या वेळी: गणपतीचा बंदोबस्त आहे, नंतर या. दुसऱ्या वेळी: साहेब नाहीत. तिसऱ्या वेळी साहेब होते, त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, यात पैसे परत द्यायचं कुठे लिहिलंय, सामान द्यायचं लिहिलंय, हा खरेदी-विक्रीचा मामला, कोर्टात जा. तहसीलमध्ये गेले तर म्हणाले हे पोलिसांचं. चौथ्या वेळी एक हवालदार समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘बाई, अकरा मेंबर तुम्ही केले, कमिशन तुम्ही घेतलं. जास्त ओढलंत तर तुमचंच नाव येईल.’ मी ताठ उठून बाहेर आले आणि स्टँडवर येऊन पाय थरथरायला लागले. ज्याने पन्नास खेपा गाळ्यासमोरून गस्त घातली, त्याला कधी विचारावंसं वाटलं नाही की ही कसली योजना, नोंदणी कुठे आहे. फसलेल्या बाईला मात्र कलम लगेच आठवतं.

कारखान्यातल्या मुकादमाचा भाऊ कोर्टात कारकून होता, त्याने जे सांगितलं ते लिहून ठेवते, कुणाच्या कामाला येवो. ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा 1999 चा कायदा आहे आणि केंद्राचा 2019 चा आहे, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा. दोन्हींत ठेव म्हणजे फक्त पैसे परत देण्याचं वचन नव्हे. वस्तूच्या रूपात परत देण्याचं वचन देऊन घेतलेली रक्कमसुद्धा ठेवच. म्हणजे साहेबांचं ‘सामानाचा मामला’ हे बोलणंच चुकीचं. जुनी चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत 318 झाली आहे. ठाण्यात घेत नसतील तर तक्रार लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवायची, तसा हक्क कायद्यातच दिलेला आहे. स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. एकटीने जाऊ नका, बाईला एकटीला हाकलतात. आम्ही आता छत्तीस जणांच्या सह्या घेऊन एकच अर्ज पाठवला आहे. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आधी काढा. आमच्यातल्या दोघींची कार्डं पावसात भिजून लगदा झाली, त्यांच्याकडे आता दाखवायला काहीच नाही.

आणि मेंबर करू नका. पैसे घालवायचे तर स्वतःचे घालवा.

कारखान्यात आता टेबलावर कुणी माझ्याशी बोलत नाही. आधी सोलताना गजाली चालायच्या, आता नुसता सालींचा आवाज. काकीने एक दिवस सगळ्यांसमोर विचारलं, ‘तुका किती मिळाले गो?’ मी खरं सांगितलं, 1,200. मग पगाराच्या दिवशी ते 1,200 सुट्टे करून आणले आणि अकरा वाटे केले. 109 येतात. कुणी न बघता घेतले, एकीने घेतलेच नाहीत, तिच्या डब्याखाली ठेवून आले. काकीने मात्र मोजले, नोट न् नोट, मग चिल्लर. बोटांवर हिशेब केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘अकरा नव्वे नव्याण्णव आणि अकराशे, म्हणजे अकराशे नव्याण्णव. उरललो रुपयो खंय?’

पिशवीच्या तळाशी होता. काढून दिला.