बीर-बिलिंगचं पॅराग्लायडिंग : ज्यांनी पहिल्या दिवशी उडवलं नाही, त्यांना पाच स्टार

ऑक्टोबरच्या शेवटी मी आणि माझी मैत्रीण बॅकपॅक घेऊन हिमाचलला गेलो होतो, त्यात तीन दिवस बीरला होतो आणि तिथे टँडम पॅराग्लायडिंग केलं, म्हणजे एकाच ग्लायडरला पायलटबरोबर बांधून उडायचं. पुण्यात परत आल्यापासून ऑफिसात, सोसायटीत, रविवारी सिंहगड चढताना सगळे दोनच गोष्टी विचारतायत, भीती वाटली का आणि किती पैसे पडले, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने पठाणकोट, दोन रात्री ट्रेनमध्येच जातात, आईने दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती म्हणून खायचे हाल झाले नाहीत. पुढे बसने पालमपूर, बैजनाथ करत बीर. छोटंसं गाव आहे, तिबेटी कॉलनी, मॉनेस्ट्री, चहाचे मळे आणि मागे धौलाधारची रांग. पण उडतात ते बीरमधून नाही, त्यासाठी जीपने 14 किलोमीटर वर बिलिंगला जावं लागतं, ते साधारण 2400 मीटरवर आहे, आपलं कळसूबाई 1646 आहे म्हणजे अंदाज करा. 2015 ला इथे पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप झाला होता.

आता मी एवढी चौकशी का करते ते सांगते. मागच्या वर्षी लोणावळ्याच्या बाजूला एका ग्रुपबरोबर व्हॅली क्रॉसिंगला, म्हणजे दोरावरून दरी ओलांडायला गेले होते. तिथे माझ्या हार्नेसचा डाव्या मांडीचा पट्टा बकलमधून नीट ओवलेलाच नव्हता, माझ्या मागे उभ्या असलेल्या एका काकूंना दिसला म्हणून कळलं, आणि सांगितलं तर तिथला मुलगा म्हणाला, काही नाही होत मॅडम, रोज दोनशे लोक जातात. मी तिथून परत आले. त्या दिवसापासून मी कुठेही गेले तरी आधी पट्टे बघते.

त्यामुळे बीरच्या बाजारात दर चार पावलांवर बुकिंगचा बोर्ड असला तरी आम्ही लगेच पैसे दिले नाहीत. होमस्टेवाल्या दीदींनी एका ऑपरेटरकडे पाठवलं, तिथे पायलटचं लायसन्स बघायला मागितलं तर त्याने जराही तोंड वाकडं न करता काढून दाखवलं. हिमाचलमध्ये टँडम पायलटला पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, तेव्हा मागायला लाजू नका. माणशी तीन हजार ठरले, जीप त्यातच.

पहिल्या दिवशी वर पोचलो तर टेकऑफच्या कडेला काठीला बांधलेली रिबन दरीकडे फडकत होती, म्हणजे वारा पाठीमागून. ग्लायडर उचलायला वारा समोरून, दरीतून वर चढणारा लागतो. दीड तास थांबलो, त्यात ढग पण खाली यायला लागले, तसं पायलटने सांगितलं की आज नाही. आमच्या जीपमध्ये सांगलीचं एक जोडपं होतं, ते काका चिडले, "अहो आमची उद्या पहाटेची बस आहे, एवढ्या लांबून आलोय!" पायलट शांतपणे म्हणाला, "सर, पैसा पूरा वापस ले लो, पर हवा पीछे से है." आणि खरंच खाली आल्यावर पूर्ण पैसे परत दिले, जीपचेही कापले नाहीत. धंद्याच्या सीझनमध्ये चार गिऱ्हाईकं घेऊन वर जायचं आणि तशीच खाली आणायची याला हिंमत लागते, मला त्या क्षणी त्या माणसावर पूर्ण विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास रिबन आमच्याकडे फडकत होती. पायलटने आधी मांडीचे दोन्ही पट्टे, मग छातीचा, प्रत्येक बकल बंद करून वर ओढून बघितलं, हार्नेस ग्लायडरला जोडणाऱ्या कडीचं, म्हणजे कॅराबिनरचं लॉक फिरवलं, रिझर्व्ह पॅराशूटचं हँडल कुठेय ते दाखवलं, आणि मग सगळं परत पहिल्यापासून तपासलं. मी स्वतः पण बोट घालून बघितलं, तो काही बोलला नाही, उलट थांबला. सूचना एकच, "दौडते रहना, बैठना मत." चार-पाच पावलं पळाले असेन, सहावं पाऊल टाकलं तर खाली जमीनच नव्हती.

भीती उडायच्या आधी वाटते, वर गेल्यावर नाही. वर इतकं शांत असतं, फक्त दोऱ्यांमधून वारा आणि पायलटच्या व्हॅरिओची, म्हणजे आपण वर चढतोय की खाली जातोय ते सांगणाऱ्या यंत्राची पिप पिप. उन्हाने डोंगराचा उतार तापतो, गरम हवा वर चढते, ग्लायडर त्यात शिरला की ती पिप पिप भराभर व्हायला लागते आणि खुर्ची खालून कुणीतरी उचलल्यासारखी वाटते. अशाच एका थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, आमच्या जोडीने एक हिमालयन गिधाड गोल फिरत होतं, इतकं जवळ की त्याने मान वळवून आमच्याकडे बघितलेलं मला दिसलं. सह्याद्रीत एवढे ट्रेक केले, गिधाड कधी असं बघायला मिळालं नाही. माझ्या डोळ्यात पाणी आलं.

साधारण वीस मिनिटांनी, जवळपास हजार मीटर खाली, गवतावर उतरलो. गोल फिरताना थोडं मळमळतं, तेव्हा सकाळी आलू पराठे दाबून खाऊ नका.

तक्रारी दोन. व्हिडिओचे पाचशे वेगळे, हे बिलिंगला पोचल्यावर सांगितलं, आधी सांगायला हवं होतं. आणि मला दिलेलं पहिलं हेल्मेट सैल होतं, मागितल्यावर लगेच बदलून दिलं पण मागावं लागलं.

जाणार असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च ते जून, 15 जुलै ते 15 सप्टेंबर पावसामुळे बंद असतं. परतीचं तिकीट काढताना बीरसाठी एक दिवस जास्तीचा ठेवाच, सांगलीच्या काका-काकूंना तो नव्हता आणि पहाटे बसमध्ये बसताना काकूंचं तोंड एवढंसं झालं होतं. त्यांना मी लोणावळ्याजवळच्या कामशेतच्या पॅराग्लायडिंगचं सांगितलंय, डोंगर बीरपेक्षा बराच लहान आहे पण तिथे शिकवतात पण, आणि सांगलीहून एका दिवसात पोचता येतं.