लालबागमधील एका शिधावाटप दुकानाविषयी

आत्याच्या शिधापत्रिकेवर ती आणि तिचा मुलगा अशी दोनच नावे आहेत. पत्रिका प्राधान्य कुटुंबाची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या गटातली असल्यामुळे माणशी 5 किलो, म्हणजे गहू आणि तांदूळ मिळून महिन्याला 10 किलो धान्य तिला मिळते. मुलगा कामावर असतो, दुकानातल्या ओळख पटवणाऱ्या ई-पॉस यंत्रावर अंगठा तिचाच लागतो, म्हणून तिचा हात धरून गेले वर्षभर मी या दुकानात जात आहे. दुकानाचे नाव मुद्दामच देत नाही.

वजनाबद्दल तक्रारीला जागा नाही. काटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलेला असतो आणि पावती न मागता हातात पडते. आत्याच्या तरुणपणीचे रेशन म्हणजे रॉकेलची रांग, मापात पाप आणि ‘माल संपला’ अशी खडूने लिहिलेली पाटी. 1 जानेवारी 2023 पासून धान्य मोफत झाल्याने 2 रुपये किलोचा गहू आणि 3 रुपये किलोचा तांदूळ यांच्या हिशेबातली सुट्ट्या पैशांची हुज्जतही संपली.

खरी अडचण अंगठ्याची आहे. तीस वर्षे लोकांची धुणीभांडी केल्यामुळे आत्याच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत आणि यंत्र तिला तीन-तीनदा नाकारते. काट्यावरचा मुलगा ओल्या फडक्याने तिचे बोट पुसतो, मग अनामिका टेकवायला सांगतो, आणि बहुतेक वेळा तिथे काम होते. ऑगस्टमध्ये मात्र सर्व्हर बंद पडला, आणि मोबाइलवर ओटीपी मागवावा तर नोंदवलेला क्रमांक केव्हाच बंद झालेला. दोन तास फळीवर बसून आम्ही रिकामी पिशवी घेऊन परतलो. ‘उद्या या’ एवढेच उत्तर मिळाले, जणू सत्तरीच्या बाईला दोन जिने उतरायला काहीच पडत नाही.

रांगेत पुढे उत्तर प्रदेशातून आलेला एक प्लास्टरवाला होता. त्याने गावाकडच्या शिधापत्रिकेवर आपल्या वाट्याचे धान्य इथेच घेतले. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या सोयीला मी पैकीच्या पैकी गुण देईन, कारण पूर्वी रेशन पत्त्याला बांधलेले असे आणि पोटासाठी शहर बदलणारा माणूस नेमका त्यातूनच सुटे. गिरणगावाला हे वेगळे सांगायला नको. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, कामगारांची कुटुंबे विरार-बदलापूरकडे सरकली आणि गिरण्यांच्या जागी टॉवर आले. बदलापूरला गेलेल्या एक बाई अजूनही इथेच धान्य घ्यायला येतात. तिकडेही मिळते, असे मी सांगितले, तर म्हणाल्या, “मिळत असेल, पण इथला माणूस ओळखीचा आहे.”

दुकानदाराला ज्याबद्दल बोलणी खावी लागतात तो दोष त्याचा नाही. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये ठरवली गेली, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. मुंबईत दोन घरी स्वयंपाक करणारी बाई ती सहज ओलांडते. शिवाय 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात लाभार्थ्यांची संख्या 2011 च्या जनगणनेवरून बांधली गेली, म्हणून नव्या नावांना जागा कमी. शेजारच्या केशरी कार्डवाल्या वहिनी त्यामुळे दर महिन्याला चौकशी करतात आणि दर महिन्याला नकार ऐकतात. तो नकार दुकानदार जरा हळू आवाजात देईल तर बरे. सगळ्या रांगेला ऐकू जातो.

तांदूळ स्वच्छ असतो, किंचित जाडा. त्यात मिसळलेले पिवळसर दाणे प्लास्टिकचे आहेत असे समजून आत्या ते निवडून टाकत असे. लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 जीवनसत्त्व घालून तांदळाच्याच पिठापासून केलेले ते दाणे आहेत, हे सांगणारा कागद दुकानात लावलेला आहे, पण पोत्यांच्या थप्पीमागे. मी तो वाचून दाखवला तेव्हा आत्याने सूप बाजूला ठेवले आणि विचारले, “मग इतकी वर्षे टाकले त्याचे काय?”