फ्रँचायझीसाठी ‘निवड’ झाली आणि पैसे गेले

फ्रँचायझी, म्हणजे मोठ्या ब्रँडच्या नावाने स्वतःची शाखा चालवायचा हक्क, हवी होती. तिच्या मुलाखतीसाठी आठ दिवस अभ्यास केला होता. रॉयल्टी (विक्रीतला कंपनीचा वाटा) कशावर मोजतात, खेळतं भांडवल किती लागेल, गुंतवणूक कधी वसूल होईल, सगळं वहीत लिहून पाठ. मुलाखत घेणारे खरे आहेत का, तेवढं बघायचं राहिलं.

नावाजलेला ब्रँड होता. नेटवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीतला फॉर्म भरला. वेबसाइट हुबेहूब, फक्त पत्त्यात नावापुढे एक शब्द जास्तीचा. तो मी नंतर पाहिला.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली, त्यांचा कॅमेरा ‘नेटवर्कमुळे’ बंद. साहेब कडक. भाडं, पगार, आजूबाजूची स्पर्धा, सगळं खोदून विचारलं. आणि शेवटी म्हणाले, “मॅडम, अनुभव कमी पडतोय तुमचा.” विषय संपला. मला वाईटही वाटलं! फसवणारा नकार देईल असं कुणाच्या मनात येतं?

दोन दिवसांनी फोन. आधीच्या उमेदवाराने माघार घेतलीय, आज संध्याकाळपर्यंत नोंदणी शुल्क भरलंत तर हा भाग तुमचा. भरलं. मग कराराचे, मग अनामत, मग यंत्रांचे. दरवेळी खातं वेगळं, एक तर चक्क कुणाच्या तरी वैयक्तिक नावाचं. विचारलं तर “वितरकाचं आहे” म्हणे. जागा बघायला मात्र कुणीच आलं नाही. ज्याला माझ्या विक्रीतून वर्षानुवर्षं रॉयल्टी घ्यायचीय, तो जागा न बघता करार करेल का? हे मला चौथ्यांदा पैसे भरल्यावर सुचलं.

अमेरिकेत सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी फ्रँचायझी देणाऱ्याला 23 मुद्द्यांचं खुलासापत्र द्यावं लागतं. नुकतेच सोडून गेलेल्या फ्रँचायझीधारकांचे संपर्कही त्यात असतात. तुमच्याकडे असा कायदा असो-नसो, ही माहिती मागा. पण त्यांनी दिलेल्या नंबरांवर विसंबू नका, चालू शाखेत स्वतः जाऊन मालकाशी बोला. आणि मुलाखतीआधीच मूळ कंपनीच्या कार्यालयात फोन करा.

मी तो फोन सगळ्यात शेवटी केला. पलीकडच्या बाईंनी माझं नावही विचारलं नाही. “निवडपत्र आलंय ना?” म्हणाल्या, आणि बँकेत व पोलिसांत लगेच तक्रार करायला सांगितलं. शेवटचे पैसे बँकेने अडवले. आधीचे तिन्ही गेले.